लग्नाच्या कामासाठी सोनी ए७ फोर की कॅनन आर६ मार्क टू?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बरीच वर्षं कॅनन ६डी मार्क टूवर लग्नाच्या ऑर्डरी केल्या. जवळ ईएफ (कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या) २४-१०५ एफ/४, ५० एफ/१.८, ८५ एफ/१.८ आणि सेकंड हँड घेतलेली ७०-२०० एफ/२.८ अशा चार लेन्स आहेत. काम मुख्यतः फोटोंचं, पण आता प्रत्येक पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, रील आणि छोटी फिल्मही मागते. बजेट एकाच नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेरा बॉडीचं आहे. सोनी ए७ फोर घ्यावी की कॅनन आर६ मार्क टू?

तुमच्यासाठी माझं उत्तर आर६ मार्क टू. मी स्वतः ए७ फोर वापरतो आणि माझ्याबरोबर दुसऱ्या बाजूने शूट करणारा सहकारी आर६ मार्क टू वापरतो. दोन्हींच्या फाइल्स एकाच अल्बमसाठी माझ्याच टेबलावर येतात. त्यामुळे कोणत्या कंपनीची बाजू घ्यायचा प्रश्नच नाही. तुमच्याकडे एकही लेन्स नसती, तर मी उलट उत्तर दिलं असतं. हा निर्णय तुमच्या बॅगेतल्या चार लेन्स आणि मांडवातला प्रकाश यांवर ठरतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेल्या आकड्यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आधी मेगापिक्सेलचा मुद्दा मिटवू, कारण दुकानदार तिथूनच सुरुवात करतो. ए७ फोर ३३ मेगापिक्सेलची, आर६ मार्क टू २४ ची. आपला नेहमीचा करिझ्मा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा असतो. त्यातलं एक पान १२ बाय १८ इंच. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) हिशेब केला तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. आर६ मार्क टूची फाइल ६००० बाय ४००० ची असते, म्हणजे पूर्ण पानाला पुरून थोडी उरते. एकच फोटो दोन्ही पानांवर पसरवला तर कागदावरच्या हिशेबात दोन्ही कॅमेरे कमी पडतात, पण तो अल्बम हातभर अंतरावरून बघितला जातो आणि फरक कुणालाही दिसत नाही. ३३ चा खरा फायदा क्रॉप करताना होतो. मागच्या रांगेत डोळे पुसणारी आजी गर्दीतून वेगळी काढायची असेल, तर ए७ फोरची फाइल जास्त साथ देते. बेस आयएसओला (सेन्सरच्या मूळ संवेदनशीलतेवर) सावल्याही तिच्यातून थोड्या जास्त उचलता येतात. तुमच्या सध्याच्या बॉडीचे २६ मेगापिक्सेल तुम्हाला कधी कमी पडले नसतील, तर २४ ही पडणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट. मंगलाष्टकं संपतात, शेवटचं "सावधान" होतं, अंतरपाट बाजूला होतो आणि त्याच क्षणी सगळा हॉल अक्षता उधळतो. वधू-वर एकमेकांकडे बघतात ते जेमतेम एक-दोन सेकंद. लगेच हार वर जातात, वाजंत्री सुरू होते, मामा आणि करवल्या पुढे येतात. हा फोटो पुन्हा मिळत नाही. आणि नेमका याच जागी प्रकाश सगळ्यात वाईट असतो. मागे एलईडी वॉल, वर रंगीत पार लाइट (स्टेजवरचे फोकस दिवे), बाजूला व्हिडिओवाल्याचा पॅनेल आणि छताला कार्यालयाच्या स्वतःच्या ट्यूब.

मिररलेस घेतल्यावर पहिला मोह होतो सायलेंट शटरचा. आवाज नाही, वेग भरपूर. पण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतं. ए७ फोरला पूर्ण फ्रेम वाचायला साधारण १/१५ सेकंद लागतो. आर६ मार्क टूला साधारण १/७०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/१५ सेकंदात असे सहा-सात फेरे होतात, म्हणजे ए७ फोरच्या सायलेंट फोटोत सहा-सात आडवे पट्टे. आर६ मार्क टूत एक, फार तर दीड. ऐकायला हा मोठा विजय वाटतो, पण तो एक पट्टा नवरीच्या कपाळावरून गेला तर फोटो तितकाच वाया जातो. एलईडी वॉल आणि डिम केलेले पार लाइट याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात, तिथे दोन्ही कॅमेऱ्यांत बारीक रेघा येतात. शिवाय ए७ फोरवर सायलेंटमध्ये झटक्यात हलणारा हात किंवा उडणारा हार वाकडा येतो.

म्हणून हॉलमधल्या मुहूर्ताला दोन्हींवर मेकॅनिकल शटरच लावा. गुरुजींच्या माइकपुढे तो आवाज कुणाला ऐकूही येत नाही. मेकॅनिकलवर आर६ मार्क टू सेकंदाला १२ फ्रेम देते. ए७ फोरची जाहिरात १० ची आहे, पण तो वेग लॉसी कॉम्प्रेस्ड रॉवर, म्हणजे थोडी माहिती गाळून लहान केलेल्या मूळ फाइलवर, मिळतो. लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता, ठेवलं की तो साधारण ६ वर येतो. अंतरपाटाला सहाही पुरतात, पण आकड्यांची तुलना करताना हे माहीत हवं. दोन्हींत अँटी-फ्लिकर शूटिंग आहे. ते चालू केलं की कॅमेरा दिवा पूर्ण उजळण्याच्या क्षणी शटर उघडतो, बर्स्ट, म्हणजे सलग फ्रेम घेण्याचा वेग, थोडा मंदावतो, पण प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर सारखं येतं. एलईडी वॉलसाठी कॅननमध्ये हाय फ्रिक्वेन्सी अँटी-फ्लिकर आणि सोनीत व्हेरिएबल शटर आहे. शटर स्पीड अगदी बारीक पायऱ्यांनी फिरवत जायचं, रेघा जातात तिथे थांबायचं. वर-पक्ष यायच्या आधी, स्टेजचे दिवे पूर्ण लावून घेऊन हे करून ठेवा. मुहूर्ताला त्यासाठी वेळ नसतो.

आर६ मार्क टूत रॉ बर्स्ट नावाचा एक मोड आहे. शटर पूर्ण दाबण्याआधीचा अर्धा सेकंदही तो सेकंदाला ३० फ्रेमने धरून ठेवतो. उघड्या मांडवात, दिवसाच्या उजेडात, अंतरपाट सरकताना पहिली नजर पकडायला हा मोड फार सुंदर काम करतो. मात्र तो इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतो, तेव्हा हॉलमध्ये वर सांगितलेली अडचण आलीच. आणि सगळ्या फ्रेम एकाच रोलमध्ये साठतात, त्यातून हव्या त्या नंतर कॅमेऱ्यात किंवा कॅननच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या काढाव्या लागतात.

फोकसच्या बाबतीत ६डी मार्क टूवरून यातल्या कोणत्याही बॉडीवर आलात तरी तुमचं काम बदलून जाईल. तिथे ४५ पॉइंट मधोमध गोळा झालेले. डोळ्यावर फोकस करून फ्रेम सरकवायची सवय आपण सगळ्यांनी लावून घेतली. इथे जवळजवळ पूर्ण फ्रेमभर कॅमेरा डोळा शोधतो. पण आपल्या लग्नात एक खास अडचण आहे, ती परदेशी परीक्षणांत कुठेच सापडणार नाही. मुंडावळ्या. समोरून घेताना त्या गालांच्या बाजूला असतात, पण थोडं बाजूला सरकलं की मोत्यांची सर नेमकी डोळ्यासमोर येते. ८५ एफ/१.८ लावून दीड मीटरवरून चेहरा घेतला तर स्पष्ट भाग जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा असतो. मोती काचेसारखे लख्ख येतात आणि डोळा मऊ होतो. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यावर चौकोन दिसत असतानाही असं होतं. हे दोन्ही कॅमेऱ्यांवर होतं. उपाय एकच, बाजूच्या कोनात एफ/२.८ वर जा, म्हणजे स्पष्ट भागाची खोली वाढते, आणि दोन-तीन फ्रेम जास्त घ्या.

अक्षतांच्या वेळी फोकस मधल्या तांदळावर किंवा पुढे आलेल्या हातावर उडी मारू नये म्हणून कॅननमध्ये सर्वो एएफची (हलत्या माणसावर सतत फोकस ठेवणाऱ्या मोडची) केस २ ठेवा, सोनीत ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी १ किंवा २ वर आणा. गर्दीत एकाच चेहऱ्याला धरून ठेवण्यात मला सोनी किंचित जास्त भरवशाची वाटते. सहकाऱ्याच्या फाइल्स पाहून हेही सांगतो की हा फरक एवढा नाही की त्यासाठी चार लेन्स विकाव्यात.

तर आता लेन्स. तुमचं उत्तर खरं इथेच ठरलं.

ईएफ लेन्स आर६ मार्क टूवर लावायला कॅननचा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लागतो. त्यात काच नाही, फक्त अंतर भरून काढणारी कडी आणि संपर्काच्या पिना. ऑटोफोकस, एक्स्पोजर, लेन्सची माहिती, सगळं जसंच्या तसं चालतं. तुमच्या ५० आणि ८५ या लेन्सना स्वतःचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नाही. आता बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनमुळे त्या हातात धरून १/३० लाही वापरता येतील. ७०-२०० तर नव्यासारखी वाटेल, कारण तिचा फोकस आता फ्रेमच्या कडेपर्यंत पोचतो. ८५ एफ/१.८ पूर्ण उघडी ठेवली की चकचकीत दागिन्यांच्या कडेला जांभळी झाक येते, ती मात्र कॅमेरा बदलून जाणार नाही.

याच लेन्स सोनीवर तिसऱ्या कंपनीच्या अडॅप्टरने बसतात, आणि उभ्या माणसाचा फोटोही मिळतो. पण चालत येणाऱ्या नवरीचा डोळा सलग धरणं किंवा व्हिडिओत फोकस टिकवणं यासाठी मी त्या जोडीवर एकही ऑर्डर घेणार नाही. मग लेन्स विकाव्या लागतात. ईएफ लेन्सला आता एक्स्चेंजमध्ये किती कमी भाव देतात हे एकदा दुकानात विचारून या, म्हणजे सोनीची खरी किंमत कळेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र मी ए७ फोरच सुचवतो, कारण सोनीच्या माउंटला, म्हणजे लेन्स बसवायच्या जोडाला, सिग्मा आणि टॅमरॉनची पूर्ण बाजारपेठ खुली आहे. सिग्माची २४-७० एफ/२.८, टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी२, आणि माझ्या कॅमेऱ्यावर मुहूर्तभर बसलेली असते ती टॅमरॉन ३५-१५० एफ/२-२.८. ती १,१६५ ग्रॅमची आहे, संध्याकाळी मनगट बोलतं, पण स्टेजच्या एका कोपऱ्यात उभं राहून अख्खा विधी लेन्स न बदलता होतो. कॅननच्या मिररलेसच्या आरएफ माउंटवर असं काही मिळत नाही. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला तिथे परवानगी मिळाली, पण ती एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, लेन्सपुरती. आर६ मार्क टूसारख्या मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरसाठी ऑटोफोकसची लेन्स हवी तर जवळजवळ नेहमी कॅननचीच घ्यावी लागते, आणि त्यांच्या लाल रिंगच्या, म्हणजे वरच्या श्रेणीच्या, लेन्स महाग आहेत. २०२४ च्या अखेरीला आलेली आरएफ २८-७० एफ/२.८ आयएस एसटीएम ही त्यातली सुटका. वजन फक्त ४९५ ग्रॅम, आणि लग्नाच्या कामाला ती पुरते.

रील आणि फिल्मसाठी दोन्हींत एक ठळक फरक आहे. ए७ फोरवर ४के ५० फ्रेमने घेतलं की चित्र दीडपट क्रॉप होतं. २४ मिमीची लेन्स ३६ सारखी दिसायला लागते. पाठवणीच्या गर्दीत किंवा घरातल्या हळदीला मागे भिंत असते, मागे सरकायला जागाच नसते. आर६ मार्क टू हेच पूर्ण रुंदीत देते. स्लो मोशन रील हेच आजचं मागणीचं काम असेल, तर फक्त या एका कारणासाठीही कॅनन निवडायला हरकत नाही. २५ फ्रेमच्या नेहमीच्या ४केत दोन्ही उत्तम, सोनी तर ७के मधून उतरवलेलं अतिशय रेखीव चित्र देते. कॅमेरा कोणताही घ्या, बॉक्समधून काढल्यावर आधी मेनूत पाल (PAL, ५० हर्ट्झ विजेला जुळणारी व्हिडिओ पद्धत) निवडा आणि २५ किंवा ५० फ्रेम ठेवा, शटर १/५० किंवा १/१००. ३० आणि ६० वर शूट केलेल्या क्लिप आपल्या दिव्यांखाली लुकलुकतात आणि एडिटर तुमच्या नावाने ओरडतो. मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात ४के ५० वर लांब विधी सलग चालवू नका; लांब रेकॉर्डिंग २५ वर, छोट्या क्लिप ५० वर. उष्णतेचं दुखणं मिररलेसला असतंच.

एक बारीक पण कामाची गोष्ट: पार्टीला स्टेजच्या एलईडी वॉलवर लाइव्ह हवं असतं. ए७ फोरला पूर्ण आकाराचं एचडीएमआय आहे, आर६ मार्क टूला मायक्रो. मायक्रोचं पोर्ट नाजूक असतं, कुणाचा पाय वायरीत अडकला की ते ढिलं होतं. लाइव्हची ऑर्डर असेल तर केबल क्लॅम्प लावल्याशिवाय वायर जोडू नका.

कार्डांचं सांगायलाच हवं. तुमच्या सध्याच्या बॉडीत एकच स्लॉट आहे, आणि लग्नाच्या कामात मला तीच सगळ्यात मोठी जोखीम वाटते. या दोन्हींत दोन स्लॉट आहेत. आर६ मार्क टूत दोन्ही यूएचएस-टू एसडीचे; ए७ फोरच्या एका स्लॉटमध्ये सीएफएक्स्प्रेस टाइप ए हे जास्त वेगवान कार्ड सुद्धा चालतं. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रॉ लिहायचं सेटिंग पहिल्याच दिवशी करा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. फाइलचा आकारही बघा. ए७ फोरची अनकॉम्प्रेस्ड रॉ ६५ एमबीच्या वर जाते, ती लग्नाला वापरायचं काहीच कारण नाही, लॉसलेस कॉम्प्रेस्ड ठेवा. आर६ मार्क टूची रॉ तिच्या निम्म्याहून कमी, आणि सी-रॉ (कॅननची लहान केलेली रॉ) त्याच्याही निम्म्याच्या आसपास. दोन दिवसांच्या लग्नात चार हजार फ्रेम झाल्या तर हा फरक थेट हार्ड डिस्कच्या खर्चात आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या वेगात दिसतो. जुना कॉम्प्युटर असेल तर ३३ मेगापिक्सेलवर कलिंग, म्हणजे फोटोंची निवड, करताना जीव मेटाकुटीला येतो.

रंगांबद्दल बरंच बोललं जातं, मी थोडक्यात सांगतो. त्वचेचा रंग कॅननमध्ये कमी मेहनतीत बसतो, ए७ फोरमध्येही तो चांगला बसतो. खरी परीक्षा हळदीची. पिवळी साडी, पिवळी फुलं, पिवळा पडदा, पिवळे गाल. ऑटो व्हाइट बॅलन्स एवढा पिवळा पाहून गोंधळतो आणि चित्र निळसर ओढतो. मग हळद फिकी दिसते आणि त्वचा राखाडी. तिथे केल्विन (प्रकाशाच्या रंगाचा आकडा) हाताने ठरवा, उघड्या सावलीत ६००० च्या आसपासपासून सुरुवात करा, आणि मांडवात एक फ्रेम ग्रे कार्डची घ्या. लेन्स बदलताना हळदीची पूड सेन्सरवर बसते. दोन्हींत बॉडी बंद केल्यावर शटरचा पडदा मिटलेला ठेवायचं सेटिंग आहे, ते चालू करा, आणि बंद केल्याशिवाय लेन्स काढू नका. मिटलेल्या पडद्याला बोट किंवा ब्लोअरची नळी लागू देऊ नका.

बॅटरी: तुमच्या जुन्या एलपी-ई६एन आर६ मार्क टूत चालतात, फक्त बर्स्टचा वेग थोडा कमी होऊ शकतो. सोनीत नव्या घ्याव्या लागतील. त्या टिकतात छान. आणखी एक सवयीची गोष्ट. ६डी मार्क टूचं ऑन-ऑफ डाव्या हाताला आहे. आर६ मार्क टूत ते उजवीकडे आलंय, आणि डावीकडे त्याच जागी फोटो-व्हिडिओचं बटण बसवलंय. पहिले काही दिवस कॅमेरा चालू करायला जाल आणि व्हिडिओ मोडमध्ये जाल. ऑर्डरीच्या आधी आठवडाभर घरी हाताळा.

दोन्हींची पुढची मॉडेल्स २०२५ च्या अखेरीस आली, म्हणून या दोन बॉडी आता सेकंड हँड बाजारातही बऱ्याच दिसतील. घ्यायला हरकत नाही, पण एक तपासणी कटाक्षाने करा. लग्नातल्या संगीत कार्यक्रमाच्या लेसर लाइटने मिररलेसचा सेन्सर जळू शकतो, कारण तो सतत उघडा असतो. लेन्सला टोपी लावून आयएसओ ६४०० वर एक काळी फ्रेम घ्या, आणि पांढऱ्या भिंतीची एफ/१६ वर एक. दोन्ही शंभर टक्के मोठ्या करून बघा. धुळीचा ठिपका साफ होतो; सरळ रंगीत रेघ किंवा एकाच जागचे चमकते ठिपके दिसले तर तो कॅमेरा तिथेच ठेवा. नवा घेत असाल तर जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी. बिलाशिवाय दहा-पंधरा हजार स्वस्त मिळणारी बॉडी नको.

घेण्याआधी आर६ मार्क टू आणि अडॅप्टर एका दिवसासाठी भाड्याने घ्या, आणि शक्य झालं तर तुमच्याच ऑर्डरीतल्या साखरपुड्याला न्या, मुहूर्ताला नको. तुमची ८५ आणि ७०-२०० लावून स्टेजच्या दिव्यांखाली मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही शटरवर फ्रेम घ्या, घरी येऊन पट्टे शोधा. पटलं तर बॉडीबरोबर कॅननचा साधा अडॅप्टर, सारख्या क्षमतेची दोन व्ही६० (वेगाच्या श्रेणीची) कार्डं आणि एक एलपी-ई६एनएच बॅटरी एवढंच घ्या. पहिल्या सीझनला आरएफची एकही लेन्स घेऊ नका. ६डी मार्क टू विकू नका, ७०-२०० तिच्यावर लावून दुसऱ्या खांद्यावर ठेवा. सीझनचे पैसे आले की २४-१०५ च्या जागी आरएफ २८-७० एफ/२.८ आणा, कारण संध्याकाळच्या रिसेप्शनला एफ/४ चा प्रकाश कमी पडतो हे तुम्हाला तोवर रोज जाणवलेलं असेल.